अंबर, जौहर, याकूत

दोह्याच्या मुशेरिब भागातील चार जुनी घरे दुरुस्त करून २०१५ साली संग्रहालये म्हणून खुली करण्यात आली. त्यांपैकी ‘बिन जल्मूद हाऊस’ हे गुलामगिरीच्या इतिहासाला वाहिलेले आहे. आपण मंडळी पाहुण्यांना सूक वाकिफ दाखवतो, इस्लामी कलेच्या संग्रहालयात नेतो आणि घरी परततो. या घराकडे पावले सहसा वळत नाहीत. मी तिथे चार वेळा जाऊन आले. त्या भेटींतून या संग्रहालयाविषयी, आणि त्याहून अधिक आपल्या मराठी इतिहासकथनाविषयी, जे म्हणावेसे वाटले ते येथे मांडते.

आधी श्रेय द्यायला हवे. एका गुलामांच्या व्यापाऱ्याचे घर म्हणून ही वास्तू ओळखली जाते आणि ती ओळख पुसून टाकलेली नाही. हिंदी महासागरावरून चालणारा माणसांचा व्यापार, पूर्व आफ्रिकेतून आणलेली माणसे, मोत्यांच्या गलबतांवर व घराघरांत त्यांनी केलेले कष्ट आणि १९५२ साली कतारमध्ये कायद्याने आलेली मुक्ती असा कथेचा क्रम आहे. आजच्या काळातील मानवी तस्करीचाही विषय टाळलेला नाही. ज्या समाजात गुलामांचे आणि मालकांचे वंशज आज शेजारी राहतात, तिथे हे सारे उघडपणे मांडणे सोपे नव्हे.

माझे तिथे जाण्याचे कारण थोडे वेगळे आहे. मी एका कंपनीत कर्मचाऱ्यांच्या नोंदींची संगणक प्रणाली सांभाळते. रविवार ते गुरुवार त्यातच जातो. शुक्रवारी सकाळी घर जागे होण्यापूर्वीचे दोन तास मात्र मी गेली काही वर्षे एका खासगी नोंदवहीसाठी राखले आहेत. महाराष्ट्रातील हबशी सैनिक, सरदार आणि त्यांच्या वास्तू यांची ही नोंदवही. मलिक अंबरची खुल्ताबादची कबर, औरंगाबादचा, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरचा, भडकल दरवाजा, नहर-ए-अंबरी, जंजिरा, मुरूडजवळच्या खोकरीचे घुमट अशा नोंदी तीत आहेत. मी इतिहासकार नाही. नोंदी नीट लावणे एवढेच मला येते.

पण नोंदी लावतानाच अडले. सवयीने मी पहिले तीन रकाने केले होते: नाव, वडिलांचे नाव, मूळ गाव. दुसरा आणि तिसरा रकाना जवळजवळ सगळीकडे रिकामा राहिला. कचेरीत असा अर्ज मी परत पाठवला असता. मग लक्षात आले की पहिला रकानाही खरा नाही. अंबर म्हणजे समुद्रातून मिळणारे सुगंधी द्रव्य. याकूत म्हणजे माणिक. जौहर म्हणजे रत्न. रेहान ही सुवासिक वनस्पती, मर्जान म्हणजे पोवळे. आखातातल्या गुलामांनाही अशीच नावे दिली जात. ही बारशात ठेवलेली नावे नव्हेत. विकत घेतलेल्या माणसाला मालकाने दिलेली नावे आहेत. ‘सिद्दी’ हा शब्दसुद्धा ‘माझे धनी’ अशा अर्थाच्या अरबी शब्दावरून आला, असे मानले जाते.

मलिक अंबरचे जन्मनाव आपल्याला कळते ते एका डच व्यापाऱ्याच्या नोंदीमुळे. ते होते चापू. १५४८ च्या सुमारास इथिओपियात जन्मलेला हा मुलगा मोखा आणि बगदाद अशा बाजारांतून फिरत दख्खनला पोचला. तिथे त्याला विकत घेणारा निजामशाहीचा पेशवा चंगीझखान हा स्वतःही पूर्वी गुलामच असलेला हबशी होता. रिचर्ड ईटन यांच्या २००५ सालच्या ग्रंथात दख्खनच्या आठ चरित्रांमध्ये मलिक अंबरला स्थान आहे. त्याच ग्रंथात तुकोबा आणि ताराबाईही आहेत. सुलतानांना लढवय्या गुलाम का हवे होते, याचे ईटन यांनी दिलेले उत्तर मला पटते. दरबारात स्थानिक दख्खनी आणि परदेशी यांचे तट होते. ज्याला ना भाऊ ना भावकी, तो मालकाशीच एकनिष्ठ राहणार, हा त्यामागचा हिशेब. म्हणजे माझ्या नोंदवहीतला ‘वडिलांचे नाव’ हा रिकामा रकाना हीच त्या सैनिकाची पात्रता होती.

इथे बिन जल्मूद हाऊसची मर्यादा दिसते. तिथला भर मोती काढणाऱ्या, पाणी वाहणाऱ्या, घरकाम करणाऱ्या गुलामावर आहे. कतारचा अनुभव तो आहे, त्यामुळे यात दोष नाही. पण त्याच समुद्रावरून गेलेला, हाती तलवार दिलेला, पुढे मालकाच्या मृत्यूनंतर मोकळा होऊन राज्य चालवणारा गुलाम समजल्याशिवाय ही कथा पुरी होत नाही. ती पुरी करण्याची जबाबदारी कतारची नाही, आपली आहे.

आणि आपण काय केले? मलिक अंबरला जमीनमहसुलाच्या धड्यात बसवले. १६२४ च्या भातवडीच्या लढाईत शहाजीराजे आणि त्यांचे बंधू शरीफजी त्याच्या बाजूने लढले, शरीफजी तिथेच पडले, हे आपण अभिमानाने सांगतो. पण सेनापती कोण होता हे ओझरते. गनिमी काव्याच्या ज्या परंपरेचा आपल्याला अभिमान वाटतो, तिच्यात या हबशी सेनापतीने मराठा घोडेस्वारांसह मोगलांशी दिलेल्या झुंजीचा मोठा वाटा आहे. सिद्दी जौहर मात्र आपल्याला फक्त पन्हाळ्याचा वेढा घालणारा म्हणून ठाऊक. तो कर्नूलच्या सुभेदाराच्या पदरचा गुलाम होता. मालकाच्या मागे त्याने कर्नूल बळकावले आणि पन्हाळ्याच्या मोहिमेपायी सलाबतखान झाला. महाराज निसटल्यावर त्याच्याच धन्याने त्याच्यावर फितुरीचा संशय घेतला. वेढा फोडायला नेताजी पालकरांबरोबर आलेला सिद्दी हिलाल महाराजांच्या बाजूचा होता. त्याचा मुलगा वाहवाह त्या लढाईत जखमी होऊन शत्रूच्या हाती सापडला. म्हणजे १६६० साली पन्हाळ्याच्या दोन्ही अंगांना हबशी लढत होते. आपल्या गोष्टीत एकच उरला, तोही खलनायक म्हणून.

हे दुसऱ्यांना सांगण्याआधी स्वतःचे सांगते. काही वर्षांपूर्वी शिवजयंतीच्या एका नाटुकल्यात शेजारचा नऊ वर्षांचा मुलगा सिद्दी जौहर झाला होता. त्याचे तोंड काजळाने मीच रंगवले. तो विंगेतून बाहेर आला तेव्हा सगळे हसले, मीही हसले. प्रेक्षकांत आमच्या मजल्यावरची एक सुदानी बाई होती. मीच तिला हौसेने बोलावले होते. कार्यक्रम संपल्यावर तिने मुलांचे कौतुक केले, आणि मला विचारले, “तो मुलगा कोण झाला होता?” मी म्हटले, “शत्रू.” ती “अच्छा” म्हणाली आणि गेली. पुढे बिन जल्मूद हाऊसमध्ये पहिल्यांदा गेले तेव्हा मला काजळाची ती डबी आठवली. शुक्रवारच्या दोन तासांची सुरुवात तिथून झाली.

यावर कुणी म्हणेल की जंजिऱ्याच्या सिद्द्यांनी कोकणात लुटालूट केली, माणसे धरून नेली, ते विसरायचे काय? मुळीच विसरायचे नाही. ज्यांना बाजारात विकले गेले, त्यांच्यातलेच काही पुढे दुसऱ्यांना धरू लागले, हे माझ्या नोंदवहीत आहेच. १९४८ मध्ये विलीन होईपर्यंत जंजिरा हे सिद्द्यांचे संस्थान होते, हेही आहे. वारसा जपायचा म्हणजे माणसांना धुऊन पुसून ठेवायचे असे नाही. ती माणसे कुठून आली, कुणी आणली, हे त्यांच्या कृत्यांशेजारी लिहून ठेवायचे.

मी आता रकाने बदलले आहेत: जन्मनाव, दिलेले नाव, किताब, आणि हे सारे कुणी नोंदवले. ‘जन्मनाव’ या रकान्यात अजून मोजकेच शब्द आहेत. रिकाम्या जागा मी रिकाम्याच दिसू देते. संगणकाला त्या चालतात की नाही हा प्रश्न दुय्यम आहे.

दोन विनंत्या करून थांबते. सुट्टीत गावी जाल तेव्हा खुल्ताबाद किंवा खोकरी वाटेवर असेल तर वास्तूंची आणि तिथल्या लेखांची छायाचित्रे काढून आणावीत. मी ती नोंदवहीत घेईन. आणि पुढच्या शिवजयंतीला पन्हाळ्याचा प्रवेश बसवायचा असेल, तर त्यात सिद्दी हिलाल आणि वाहवाह यांनाही घ्यावे. संवाद मी लिहून देईन. काजळ आणू नये.