पर्शियाच्या राजपुत्राची कालगणना

व्हिडिओ गेमला वाङ्मयाच्या मासिकांत स्थान असावें काय, अशी शंका आमच्या कांहीं वाचकांस येईल. त्या वादांत आम्ही येथें शिरत नाहीं. ज्या कृतींत कथानक आहे, पात्रें आहेत आणि एका भागाचा दुसऱ्या भागाशीं संबंध आहे, तिला टीकेची कसोटी लावावयास कोणाची परवानगी नको. शिवाय ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ या खेळमालिकेशीं पुण्याचा थोडा ऋणानुबंधहि आहे. तो पुढें येईल.

मूळ खेळ अमेरिकेंत जॉर्डन मेक्नर यांनीं १९८९ सालीं जवळजवळ एकहातीं रचला. त्यांतील कालव्यवहार सरळ होता. राजकन्या कैदेंत, दुष्ट वजिरानें दिलेली मुदत एका तासाची, आणि खेळणाऱ्याच्या घड्याळांतला तास तोच कथेंतला तास. आमचा विषय मात्र युबिसॉफ्ट कंपनीच्या मॉन्ट्रिअल येथील शाखेनें २००३, २००४ व २००५ सालीं काढलेली त्रयी हा आहे: ‘द सँड्स ऑफ टाइम’, ‘वॉरियर विदिन’ आणि ‘द टू थ्रोन्स’. हिचा कालानुक्रम जुळत नाहीं, अशी तक्रार वारंवार होते. आम्हांस ती मान्य नाहीं. अनुक्रम मोडणें हाच या कथेचा विषय आहे. तेव्हां पाहावयाचें तें इतकेंच कीं, जें मोडलें त्याचें स्मरण कथेंत कोणी ठेवतो कीं नाहीं.

पहिल्या खेळांत पर्शियाचा राजा शारामान हिंदुस्थानच्या एका महाराजावर चालून जातो. लुटींत वाळूचें एक प्रचंड घड्याळ व एक खंजीर हातीं लागतो. वजिराच्या चिथावणीनें तरुण राजपुत्र घड्याळांतली वाळू मोकळी करतो आणि माणसांचीं भुतें होतात. वांचतात तीं राजपुत्र, वजीर व महाराजाची कन्या फराह. खंजिरांत वाळू शिल्लक असेतों नुकताच गेलेला क्षण मागें फिरवितां येतो. विशेष हा कीं, ही सर्व हकीकत राजपुत्र स्वतः सांगत आहे. खेळणाऱ्याच्या हातून चूक होऊन तो कड्यावरून पडला, कीं निवेदक स्वतःलाच अडवितो व असें घडलें नव्हतें म्हणून दुरुस्ती करतो. येथें नायकाचें मरण म्हणजे कथेकऱ्याची जीभ घसरणें! नैमिषारण्यांतील सौतीनें शौनकादिकांस आख्यान सांगतांना असा गोंधळ केल्याचें ऐकिवांत नाहीं. परंतु आख्यानपद्धतीचा इतका चतुर उपयोग आम्हीं अलीकडच्या कादंबऱ्यांतहि फारसा पाहिला नाहीं.

शेवटीं फराह मरते, आणि राजपुत्र सारा काळ उलटा फिरवून स्वारीच्या आदल्या रात्रीं तिच्या महालांत येतो. आतांपर्यंतची कथा तो तिलाच सांगत होता, हें तेव्हां आपणांस कळतें. तिला कांहींच आठवत नाहीं. तिच्या लेखीं कांहीं घडलेंच नाहीं. येथें शाकुंतलाची आठवण होणें अपरिहार्य आहे. तेथें पुरुष विसरतो, स्त्री स्मरते, येथें उलट. तेथें ओळखीची खूण आंगठी, येथें एक शब्द. लहानपणीं आईनें शिकविलेला एक गुप्त शब्द फराहनें त्या पुसल्या गेलेल्या काळांत राजपुत्राला सांगितलेला असतो, आणि निघतांना आपलें नांव म्हणून तो तोच शब्द उच्चारतो: ‘काकोलुकिया’. पंचतंत्राच्या तिसऱ्या तंत्राचें नांव ‘काकोलूकीय’ आहे, हें आमच्या वाचकांस सांगावयास नको. कावळ्या-घुबडांच्या वैराचें तें प्रकरण एका प्रणयकथेची मुद्रिका व्हावें, ही मौज संस्कृत शिकलेल्या माणसालाच कळेल.

दुसऱ्या खेळाची अभिरुचि हीन आहे. कर्कश संगीत, अर्धवस्त्र स्त्रिया, नायकाच्या तोंडीं सदा शिवीगाळ; पहिल्या भागाचा नाजूकपणा कोठेंच नाहीं, आणि फराहहि नाहीं. तथापि त्याची कल्पना पहिल्याहून कठोर व म्हणून अधिक प्रामाणिक आहे. वाळू मोकळी करणाऱ्यानें मरावें असा नियम होता. राजपुत्र काळ फिरवून निसटला, म्हणून सात वर्षें एक काळपुरुष त्याच्या पाठीशीं लागला आहे. त्याचें नांव ‘दहाका’. अवेस्तांतील ‘अझि दहाक’ तो हाच. ‘अझि’ म्हणजे आपला ‘अहि’. पहिल्या खेळांत फुकट वाटलेल्या चमत्काराची येथें वसुली होते. वसुली चुकविण्यासाठीं राजपुत्र, वाळू मुळांत निर्माणच होऊं नये, म्हणून एका बेटावर जातो.

या खेळाला दोन शेवट आहेत. सामान्यपणें खेळणारास मिळतो तो शेवट असा, कीं काळाची सम्राज्ञी कायलीना नष्ट होते. जो सर्व गुप्त ठिकाणें धुंडाळून विशिष्ट तलवार मिळवील, त्यालाच दहाका मारतां येतो व कायलीना वांचते. तिसरा खेळ हा दुसरा शेवट खरा धरून सुरू होतो. म्हणजे ज्यानें पहिल्या शेवटापाशीं खेळ संपविला, त्याला आपण न जगलेल्या भूतकाळाचा वारसा घ्यावा लागतो. कादंबरीच्या वाचकावर हा प्रसंग कधीं येत नाहीं. आम्ही याला दोष म्हणत नाहीं. बखरींच्या परस्परविरुद्ध पाठांतून एक पाठ ग्राह्य धरावा, तसेंच हें आहे.

वाळू निर्माणच झाली नाहीं, म्हणून पहिल्या खेळांतलें कांहींच घडलें नाहीं, म्हणून मेलेला वजीर जिवंत! तर्क निर्दोष आहे. फराह पुन्हां भेटते, तीहि अनोळखी म्हणूनच. आणि राजपुत्राच्या तोंडून नकळत तिचें नांव निघून जातें. अगदीं शेवटीं ती विचारते कीं, माझें नांव तुला कसें ठाऊक? तेव्हां पहिल्या खेळाचा आरंभ ज्या शब्दांनीं झाला त्याच शब्दांनीं तो सांगावयास लागतो. तीन खेळांत दोनदां पुसलेला इतिहास एका माणसाच्या आठवणींत शाबूत राहिला आहे.

आतां २०१० चा ‘द फरगॉटन सँड्स’ पाहा. पहिल्या व दुसऱ्या खेळांमधील सात वर्षांच्या फटींत तो बसविला आहे, आणि सनावळीच्या दृष्टीनें चपखल बसतो. त्यांत राजपुत्राचा भाऊ मलिक त्याच्या डोळ्यांदेखत मरतो. परंतु पुढच्या दोन खेळांत या भावाचा उच्चारहि नाहीं, असणार कसा? ते आधींच होऊन गेले होते. ज्या नायकाचा सारा मोठेपणा विसरण्यास नकार देण्यांत आहे, त्याला कंपनीनें सख्खा भाऊ विसरावयास लावला. त्याच महिन्यांत याच मालिकेवरचा चित्रपट निघाला होता, यावरून घाईचें कारण उघड आहे.

आतां पुण्याकडे. २००८ सालीं युबिसॉफ्टनें गेमलॉफ्टचें येथील कार्यालय आपल्याकडे घेतलें. सप्टेंबर २०२० मध्यें ‘द सँड्स ऑफ टाइम’ नव्यानें घडविण्याचें जाहीर झालें, आणि तें काम पुणें व मुंबई येथील शाखांकडे होतें. २१ जानेवारी २०२१ ही तारीख १८ मार्चवर गेली, पुढें बेमुदत लांबली, आणि मे २०२२ मध्यें काम मॉन्ट्रिअलकडे सोपविण्यांत आलें. हिंदुस्थानी राजकन्येची कथा अशी घरीं येऊन परत गेली. नमुन्याचें चलच्चित्र पाहून जी टीका झाली ती चेहऱ्यांवर व उजेडावर. खरा प्रश्न निराळाच होता. दहाका येणार हें आतां ठाऊक असतांना पहिली कथा पुन्हां सांगणारानें त्याची चाहूल आधींच द्यावी काय? बाणभट्टाच्या पश्चात् ‘कादंबरी’ पुरी करणाऱ्या त्याच्या पुत्रानें पूर्वार्धाला हात लावला नाहीं. आमचें मतहि तेंच आहे. फराहच्या महालांत शिरतांना राजपुत्राला आपण सुटलों असेंच वाटलें पाहिजे.