'मेमसेट' : स्मृतिपूरणाच्या रूढ व्याख्येची चिकित्सा

यवतमाळ व पुसद येथील अभियांत्रिकी महाविद्यालयांत सी ही संगणकभाषा शिकविली जाते. 'मेमसेट' हे तिच्या १९८९ च्या प्रमाणकापासूनचे फंक्शन होय. 'स्मृतीचा खंड ठरावीक मूल्याने भरणारे फंक्शन' ही त्याची रूढ व्याख्या दिशाभूल करणारी आहे. वस्तुतः मेमसेट प्रत्येक बाइट स्वतंत्रपणे भरते. चार बाइटच्या पूर्णांकांचा अ‍ॅरे त्याद्वारे १ ने भरल्यास प्रत्येक घटकात १ नव्हे, तर १,६८,४३,००९ ही संख्या येते. कारण चारही बाइटमध्ये १ लिहिला जातो. शून्य भरताना मात्र उत्तर अचूक येते आणि म्हणूनच विद्यार्थ्याचा गैरसमज झाकला जातो.

दुसरा आक्षेप सुरक्षिततेसंबंधी आहे. पासवर्ड पुसण्यासाठी मेमसेट वापरले, परंतु ती स्मृती पुढे वाचली जाणार नसेल, तर कंपायलर ही आज्ञाच वगळू शकतो. गुप्त माहिती स्मृतीत तशीच राहते. सी२३ प्रमाणकाने यासाठी 'मेमसेट_एक्स्प्लिसिट' हे स्वतंत्र फंक्शन दिले आहे.

तात्पर्य, केवळ शून्याच्या उदाहरणावर थांबणारे अध्यापन अपुरे ठरते. प्रात्यक्षिकात १ चे उदाहरणही अनिवार्य असावे.