चोमेईची कुटी आणि आमचा नकाशा

मागच्या खेपेला प्रश्नोत्तरांत एका तरुण श्रोत्याने विचारलं होतं की, ध्यानासाठी छोटीशी, निसर्गाला धरून असलेली कुटी बांधायची झाली तर तत्त्वज्ञानाला त्यावर काही म्हणायचं आहे का. त्या दिवशी आम्ही उत्तर टाळलं. कारण अशाच एका कुटीचा नकाशा तेव्हा आमच्या टेबलावर होता, आणि ती कुटी आमच्यासाठीच होती. निवृत्तीच्या शिलकीतला बराचसा भाग तिच्यात जाणार होता. तेव्हा आज जे बोलणार आहोत ते तटस्थपणे बोलतो आहोत असं कृपा करून समजू नका.

नकाशा काढला आमच्या एका जुन्या विद्यार्थिनीने. तत्त्वज्ञान सोडून ती वास्तुरचनेकडे गेली, भलं झालं तिचं. जागा मुळशीच्या वरच्या अंगाला. कुटीचा आकार सुगरणीच्या घरट्यावरून घेतलेला. बांबूचा सांगाडा, मातीचं लिंपण, वर गोलसर गवती छप्पर. फार देखणा नकाशा. आम्ही तिला एवढंच विचारलं, "केरसुणी कुठे ठेवायची?" ती म्हणाली, "सर, ती आत दिसायलाच नको. सकाळी गावातली एक बाई येऊन झाडून, सारवून जाईल." इथे आम्ही अडलो. का अडलो, ते मात्र तेव्हा नीट सांगता आलं नाही. म्हणून एक जुनं पुस्तक पुन्हा काढलं.

पुस्तक जपानी आहे, 'होजोकी'. कामो नो चोमेई या संन्याशाने ते 1212 मध्ये लिहिलं. 'होजो' म्हणजे दहा फूट चौरस. पुस्तक इतकं लहान की एका बैठकीत संपतं. पहिल्या अर्ध्यात क्योतोवर कोसळलेल्या आपत्ती आहेत: 1177 ची आग, 1180 ची वावटळ, मग दुष्काळ, 1185 चा भूकंप. माणसं घरांवर एवढा पैसा आणि जीव का ओततात, हा त्याचा प्रश्न. ही सगळी पडझड सांगून झाल्यावर तो आपल्या कुटीकडे वळतो. हा क्रम आम्हाला फार महत्त्वाचा वाटतो. आजकालच्या कुट्यांची वर्णनं थेट शांततेपासून सुरू होतात.

कुटी दहा फूट चौरस, उंची सात फुटांच्या आत. सांधे कड्या-आकड्यांनी जोडलेले, म्हणजे जागा मानवली नाही तर उकलून दुसरीकडे नेता यावी. सगळं सामान दोन गाड्यांत मावतं, खर्च काय तो गाडीभाड्याचा. पूर्वेला तीन फुटांची पडवी, तिच्याखाली काटक्या जाळायच्या. दक्षिणेला बांबूचा ओटा. उत्तरेला अमिताभाचं चित्र. निजायला नेच्याचा पाला. पाणी बांबूच्या पन्हळीतून येतं. आणि दोन वाद्यं: एक कोतो, घडी होणारी, एक बिवा, सुटी करता येणारी! ज्या माणसाने वाद्यसुद्धा घडीचं घेतलं, त्याला आपण काय बांधतो आहोत हे पक्कं ठाऊक होतं.

चोमेईनेही निसर्गातल्या उपमा दिल्या आहेत. ही कुटी म्हणजे वाटसरूचा एका रात्रीचा निवारा, म्हाताऱ्या रेशीमकिड्याचा कोश. पण कुटी कोशाच्या आकाराची नाही, साधी चौकोनी आहे. कोशाकडून त्याने काळ घेतला, रूप घेतलं नाही. आता सुगरणीकडे या. ते घरटं नर विणतो, एका विणीच्या हंगामापुरतं, आणि पिल्लं उडाली की ते ओस पडतं. आमच्या नकाशात त्या घरट्याचा आकार आला आणि हंगाम राहून गेला. खाली काँक्रीटचा पाया आहे, तो घालवायचा तर जेसीबीच आणावा लागेल.

2012 मध्ये, पुस्तकाला आठशे वर्षं झाली तेव्हा, केंगो कुमा या वास्तुविशारदाने क्योतोतल्या शिमोगामो देवळाच्या आवारात चोमेईची कुटी नव्याने रचली. गुंडाळता येणारे पारदर्शक प्लास्टिकचे पडदे, देवदाराच्या पट्ट्या, आणि त्यांना धरणारी लोहचुंबकं. आम्ही ती फक्त छायाचित्रांत पाहिली आहे. प्लास्टिक म्हटल्यावर आपल्याकडे लगेच नाकं मुरडतील. आमचं मत असं की, माती-बांबूच्या पुष्कळ कुट्यांपेक्षा ही चोमेईला जवळची आहे, कारण तिचे सांधे सुटतात. तिच्यात काटक्या जाळता येणार नाहीत, हे मात्र खरं.

आता पुस्तकाचा शेवट. थोडे दिवस म्हणून बांधलेल्या या कुटीत पाच वर्षं गेली. वळचणीला पाला कुजला, बुडाच्या लाकडावर शेवाळ चढलं. हलवायची म्हणून बांधलेली कुटी हललीच नाही. मग तो स्वतःलाच फैलावर घेतो. या गवती कुटीवर जीव जडला, हाही दोषच. राहणी विमलकीर्तीसारखी, आणि साधना चूळपन्थकाचीही बरोबरी करत नाही! विमलकीर्ती म्हणजे वैशालीचा तो गृहस्थ, ज्याची दहा फुटांची खोली हा या कुटीचा मूळ नमुना. आणि चूळपन्थक हा बुद्धाचा मंदबुद्धी शिष्य, ज्याला एक गाथासुद्धा पाठ होईना. पाली परंपरेत त्याला फडकं चोळायला दिलं, पूर्वेकडच्या कथांत हाती केरसुणी दिली. झाडता झाडता तो मुक्त झाला.

तिथे आमची अडचण आम्हाला कळली. आम्ही बसणार ध्यानाला, आणि चूळपन्थकाचं काम जाणार त्या गावातल्या बाईकडे, तेही आम्ही यायच्या आधी, दिसणार नाही अशा बेताने. हिरवाईचे सगळे हिशेब नकाशात होते, हा एक नव्हता. तिला पगार मिळेल, चांगला मिळेल, हे खरं आहे. तेवढ्याने आमचं समाधान झालं नाही. चोमेईकडेही याचं तयार उत्तर नाही बरं का. तो मनाला प्रश्न विचारतो, मन गप्प राहतं, तो अमिताभाचं नाव दोन-तीनदा घेतो आणि पुस्तक संपतं.

नकाशा आम्ही परत पाठवला. बदल मोजकेच सुचवले. गोल छप्पर नको. त्या मुलखात पाऊस आडवा येतो, तेव्हा उतरतं छप्पर आणि पश्चिमेला खोल पडवी. जोतं दगडाचं, चुनासिमेंट न घालता रचलेलं. भिंती कारवीच्या कुडाच्या, शेणामातीने लिंपलेल्या, म्हणजे आमच्या हातांनाही जमतील अशा. छपराची उंची आमचा हात पोचेल एवढी, कारण शाकारणीला आता आम्हाला शिडी चढवत नाही. दाराशी केरसुणीला खुंटी. आणि तळटीप: सगळं मिळून दोन छोट्या टेम्पोंत मावलं पाहिजे.

तिचा फोन आला. म्हणाली, "सर, हे तर नुसतं खोपटं झालं." आम्ही म्हटलं, हो. पडवीवर तिचं-आमचं अजून एकमत नाही. तिच्या मते दोन फूट पुरे, आम्हाला साडेतीन हवेत. पावसाच्या आत काय ते ठरेल.