‘ब्लॅक फ्रायडे’ : शेजारी राष्ट्राचा हात आणि कोकणचा किनारा

एस. हुसेन झैदी यांचा ‘ब्लॅक फ्रायडे’ हा इंग्रजी ग्रंथ २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. १२ मार्च १९९३ रोजी मुंबईत झालेल्या बॉम्बस्फोट मालिकेचा हा वृत्तांत होय. या स्फोटांत २५७ जणांचा बळी गेला. जहाल इस्लामी चळवळी व पाकिस्तान यांच्या संबंधांच्या अभ्यासात या ग्रंथाचे स्थान कोणते, याची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

ग्रंथाचे बलस्थान तपशिलात आहे. बाबरी मशिदीचा विध्वंस, मुंबईतील दंगली, पाकिस्तानातील शस्त्रप्रशिक्षण आणि रायगड जिल्ह्यातील शेखाडीच्या किनाऱ्यावर उतरविलेले आरडीएक्स ही साखळी लेखकाने स्पष्ट केली आहे. मात्र निवेदन मुख्यतः पोलीस तपासाच्या अंगाने पुढे सरकत असल्याने शेजारी राष्ट्राचा हेतू व कार्यपद्धती यांचे विश्लेषण मागे पडते.

ही उणीव २००८ च्या हल्ल्याशी तुलना केल्यास अधिक जाणवते. २६ नोव्हेंबरला समुद्रमार्गे आलेले दहा हल्लेखोर लष्कर-ए-तोयबा या विचारप्रणालीवर उभ्या असलेल्या संघटनेचे होते. पाकिस्तानने २००२ मध्येच या संघटनेवर बंदी घातली होती. तरीही तिचे कार्य थांबले नाही. १९९३ चे मध्यस्थ मात्र मूलतः तस्कर होते. दंगलींनंतरच्या संतापातून त्यांना माणसे मिळाली. मध्यस्थ बदलले, तरी स्वतः नामानिराळे राहण्याची राज्यसंस्थेची सोय कायम राहिली. म्हणून १९९३ च्या कटाला सरसकट ‘धार्मिक चळवळ’ म्हणणे शास्त्रीयदृष्ट्या सदोष ठरते.

असे सुलभीकरण घरच्या दोषांवर पांघरूण घालते. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१३ च्या निकालात आयएसआयच्या सहभागाबरोबरच सीमाशुल्क व पोलीस यंत्रणांवरही ठपका ठेवला. चांदीच्या तस्करीसाठी लाच देऊन रुळलेली वाट स्फोटकांनाही उपयोगी पडली.

सिंधुदुर्गातील अभ्यासकांसाठी हा मुद्दा दूरचा नाही. देवगड, मालवण व वेंगुर्ले या तालुक्यांना समुद्र आहे. दोडामार्गला समुद्र नसला, तरी गोव्याची सीमा आहे आणि चोरटी मद्यवाहतूक हा तेथील परिचित प्रश्न आहे. मद्य आणि स्फोटके यांची तुलना होऊ शकत नाही. परंतु नाक्यावरील तडजोड वाहनातील माल पाहून थांबत नाही. शेजारी राष्ट्राचा हात ओळखणे आवश्यकच आहे. तथापि त्या हातासाठी दार कोणी उघडले, हा प्रश्न तितकाच महत्त्वाचा आहे. झैदी यांचा ग्रंथ त्याची सामग्री पुरवितो. सिद्धान्त मांडण्याचे कार्य अभ्यासकांकडे उरते.