जागतिक साहित्याचा पेपर आणि गिरडचे दगडी नारळ



आजचा विषय आहे एम.ए.ला शिकवलं जाणारं जागतिक साहित्य. विभाग मराठीचा असो, हिंदीचा असो की इंग्रजीचा, ‘जागतिक साहित्य’ किंवा ‘तौलनिक साहित्याभ्यास’ अशा नावाचा एखादा पेपर बऱ्याच ठिकाणी असतो. त्यात काय असतं हेही आपल्याला ठाऊक आहे. एक ग्रीक शोकांतिका, थोडा शेक्सपिअर, टॉलस्टॉय किंवा चेकॉव्ह, काफ्का, काम्यू, आणि सत्र संपायच्या आत जमलं तर मार्केझ. यातलं एकही नाव वगळा असं आपण म्हणणार नाही. ही मंडळी वाचलीच पाहिजेत. आपला आक्षेप यादीवर नाही, या पेपरात विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांवर आहे.

लेखकाचा देश कोणता, काळ कोणता, वाद कोणता, कलाकृतीतला आशय काय, असे प्रश्न येतात. हे पुस्तक मूळ कुठल्या भाषेतलं, आपल्यापर्यंत ते कुठल्या भाषेतून आलं, कुणी आणलं, वाटेत त्याचं काय झालं, हे मात्र सहसा विचारलं जात नाही. म्हणजे साहित्य जागतिक कसं झालं हा प्रश्न सोडून बाकी सगळं आपण शिकतो. नोट्स पाठ करून पेपर निघतो, आणि विद्यार्थ्याच्या मनात एक गोष्ट कायमची बसते : जग म्हणजे दुसरीकडे कुठेतरी, आणि आपण राहतो ते गाव जगाच्या बाहेर.

वास्तविक ही संकल्पना जन्मली ती देवाणघेवाणीतून. 31 जानेवारी 1827 रोजी गटे एकरमानशी बोलताना विश्वसाहित्याचं युग जवळ आलं आहे असं म्हणाला, तेव्हा बोलण्याचं निमित्त होतं त्याने नुकतीच अनुवादात वाचलेली एक चिनी कादंबरी. रवींद्रनाथांनी 1907 साली कलकत्त्यात तौलनिक साहित्यावर व्याख्यान दिलं आणि त्या विषयाला आपलं नाव दिलं, ‘विश्वसाहित्य’. पुढे 1956 मध्ये जादवपूर विद्यापीठात बुद्धदेव बसूंनी तौलनिक साहित्याचा स्वतंत्र विभाग सुरू केला. या सगळ्यांत समान धागा एकच : साहित्य सीमा ओलांडतं तेव्हा काय घडतं ते पाहणं.

आता ही गोष्ट आपण एका गावावर तपासून पाहू. गाव गिरड, तालुका समुद्रपूर, जिल्हा वर्धा. गावाजवळच्या टेकडीवर शेख फरीद बाबांचा दर्गा आहे, तिथे हिंदू आणि मुसलमान दोघंही जातात. टेकडीवर गोलसर दगड सापडतात. भूगर्भशास्त्र त्यांना झिओलाइट म्हणतं. लाव्हा थंड होऊन आपल्याकडचा काळा खडक तयार झाला, त्यातल्या पोकळ्यांमध्ये ही खनिजं साठत गेली. लोककथेचं स्पष्टीकरण निराळं आहे. दोन व्यापारी माल घेऊन चालले होते. त्यांनी फकिराची टिंगल केली. फकिराने त्यांचा सगळा माल, नारळबिरळ, दगड करून टाकला. व्यापारी पाया पडले, तेव्हा बाबांनी वाळक्या पानांपासून त्यांना नवा माल करून दिला. ते पाहून व्यापारी तिथेच राहिले, बाबांचे सेवक झाले. टेकडीवरच्या दोन कबरी त्यांच्याच असं सांगतात. इंग्रजी अमदानीतल्या गॅझेटियरमध्येही ही कथा नोंदलेली आहे.

‘लोककथा म्हणून ठीक आहे, पण विश्वसाहित्याशी तिचा काय संबंध?’ असं कुणी विचारेल. म्हणून आणखी दोन कथा शेजारी ठेवून बघू. पाकिस्तानातल्या पाकपट्टणला ज्यांची कबर आहे त्या बाबा फरीद गंजशकर यांच्याविषयी एक आख्यायिका आहे. साखर घेऊन जाणाऱ्या व्यापाऱ्याला त्यांनी विचारलं, काय नेतोस? तो खोटंच म्हणाला, मीठ. बाबा म्हणाले, बरं, मीठ तर मीठ. गोणी उघडल्या तर खरंच मीठ! व्यापारी शरण आला, मिठाची पुन्हा साखर झाली. दुसरी कथा बेथलेहेमजवळची. हरभरा पेरणाऱ्या माणसाला येशूने विचारलं, काय पेरतोस? तो म्हणाला, दगड. त्या शेतात हरभऱ्याएवढे खडेच उगवले. ही कथा कुणी मरियमच्या नावावरही सांगतात.

आता तीन कथा समोर आहेत. एम.ए.च्या वर्गात यांचं काय करायचं? सोपा मोह असा की ‘बघा, सगळीकडे माणूस सारखाच’ म्हणून मोकळं व्हायचं. दुसरा मोह त्याहून आपल्या जवळचा : ‘बघा, आमच्याकडे हे आधीपासून होतंच.’ ही दोन्ही वाक्यं अभ्यासाला कुलूप लावतात. साम्य दिसलं की काम सुरू होतं, संपत नाही.

काम कसं करायचं? आधी साम्य नेमकं कशात आहे ते ठरवावं लागतं. पंजाबच्या आणि बेथलेहेमच्या कथेत प्रश्न आहे, खोटं उत्तर आहे, आणि ते उत्तर खरं होतं. गिरडच्या कथेत टिंगल आहे, शब्द खरा होणं नाही. मग कथा एका ठिकाणाहून दुसरीकडे गेली का, हे विचारावं लागतं. फरीद या नावामुळे गिरड आणि पंजाब यांच्यात वाट असू शकते. बेथलेहेमशी तशी वाट दाखवायची तर पुरावा द्यावा लागेल. तो नसेल तर विचित्र आकाराचे दगड बघून माणसं ठिकठिकाणी स्वतंत्रपणे कथा रचतात, एवढंच म्हणता येईल. आणि शेवटी, ही कथा इथे काय करते? बेथलेहेमला शिक्षा कायम राहते. पंजाबात माल परत मिळतो. गिरडला दगड तसेच राहतात, पण माणसं बदलतात. टवाळी करणाऱ्यांचीच कबर तीर्थाच्या जागी होते. या शेवटामुळे गिरडची कथा बाकीच्या दोघींपासून वेगळी होते, आणि तुलना केली नसती तर हा वेगळेपणा आपल्याला दिसलाच नसता.

गिरडचे फरीद आणि पाकपट्टणचे फरीद एकच का, हा इतिहासाचा प्रश्न आहे. त्याचं उत्तर कागदपत्रांतून शोधायचं असतं, भावनेतून नव्हे. पण लोकांच्या स्मरणात ते नाव इथे का रुजलं, हा साहित्याचा प्रश्न आहे, आणि पहिल्याचं उत्तर मिळेपर्यंत दुसरा थांबून राहत नाही. आजकाल कुठल्याही दर्ग्याविषयी, कुठल्याही टेकडीविषयी ‘ही कुणाची?’ एवढंच विचारायची घाई असते. अशा वेळी एक कथा अनेकांच्या तोंडी एकाच वेळी नांदू शकते हे शांतपणे दाखवता येणं, हे साध्या एम.ए.च्या विद्यार्थ्याचंही मोठं काम आहे.

फरीद हे नाव धरून थोडं पुढे जाऊ. 1604 मध्ये गुरू अर्जनदेवांनी आदिग्रंथ सिद्ध केला. त्यात शेख फरीदांच्या नावावर 112 श्लोक आणि चार शबद आहेत. त्याच ग्रंथात आपल्या नामदेवांची 61 पदं आहेत. म्हणजे वर्ध्यातल्या टेकडीवरचं नाव आणि पंढरपूरच्या वाळवंटातलं नाव गुरुमुखीत एका ग्रंथात आहेत. 2015 मध्ये पंजाबातल्या घुमानला मराठी साहित्य संमेलन भरलं, भाषणं झाली, अभिमान झाला. पण त्यानंतर आपल्या किती विभागांनी गुरुमुखी शिकवायला घेतली? लिपी चिकाटीने बसलं तर थोड्या दिवसांत वाचता येते. उत्सवाला जाणं सोपं, मुळाक्षरं गिरवणं कठीण, असं हे आहे.

हीच गोष्ट परक्या पुस्तकांना लागू आहे. काम्यूची ‘लेत्रांजे’ घ्या. इंग्रजीतच तिची दोन नावं झाली, ‘द आउटसायडर’ आणि ‘द स्ट्रेंजर’. मराठीत काय म्हणाल? परका? अनोळखी? उपरा? लक्ष्मण माने यांचं ‘उपरा’ 1980 मध्ये आलं, तेव्हापासून या शब्दाच्या पाठीवर बिऱ्हाड आहे, गावकुसाबाहेरची रात्र आहे. काम्यूच्या नायकाला तो शब्द दिला तर काय मिळतं, काय बिघडतं? या एका प्रश्नावर वर्गात दोन तास बोलता येईल, आणि विद्यार्थी अस्तित्ववादावरच्या तयार नोट्सपेक्षा जास्त शिकेल.

वर्धा जिल्ह्याला हे परकं नाही. पवनारच्या विनोबांनी कुराण वाचण्यासाठी अरबी शिकून घेतली आणि ‘कुराण सार’ तयार केलं. त्यांची ‘गीता प्रवचने’ म्हणजे 1932 साली धुळ्याच्या तुरुंगात बोललेलं आणि साने गुरुजींनी उतरवून घेतलेलं पुस्तक. त्याच साने गुरुजींनी तमिळ ‘कुरळ’ मराठीत आणलं. या माणसांकडे विभाग नव्हता, क्रेडिट्स नव्हती. दुसऱ्याचं त्याच्या भाषेत ऐकायची तयारी होती.

म्हणून आपली मागणी तीनच गोष्टींची आहे. या पेपरासोबत एक नवी लिपी शिकवा, उर्दू, गुरुमुखी, तमिळ, कुठलीही. प्रत्येक अनुवादित पुस्तकासोबत त्याचा प्रवास शिकवा आणि परीक्षेत विचारा. आणि लघुप्रबंधासाठी विद्यार्थ्याला त्याच्या तालुक्यातली एक कथा गोळा करू द्या : कोणी सांगितली, कधी, कोणत्या शब्दांत, बाईने सांगितली तेव्हा काय बदललं, हे सगळं नोंदवून. मग ती कथा जगातल्या दोन कथांशेजारी ठेवू द्या.

यात अडचणी आहेत. शिकवणाऱ्यांनाच या लिप्या येत नाहीत, तासिका तत्त्वावरच्या प्राध्यापकाला वेळ नाही, हे खरं आहे. पण समुद्रपूर तालुक्यातली मुलगी दोन वर्षं आणि घरच्यांचे पैसे खर्चून हा विषय घेते. जगात तिचं गाव धरलेलं आहे की नाही, एवढं तरी तिला त्या दोन वर्षांत कळायला हवं.

आता प्रश्न घेऊ.