धर्मयुद्धे आणि गावकुसाबाहेरचा माणूस

पाचोऱ्याला आमच्या वस्तीत एक लहानसे वाचनालय आहे. रविवारी तिथे कॉलेजची मुले जमतात, पुस्तके चाळतात, वाद घालतात. एका रविवारी एका मुलाने मध्ययुगातल्या क्रुसेड्सवरचे मराठी पुस्तक आणले होते. एका बाजूला ख्रिस्ती राजे, दुसऱ्या बाजूला मुसलमान सुलतान, मध्ये जेरुसलेम. पुस्तक त्याने तन्मयतेने वाचले होते. मिटवून त्याने विचारले, “सर, या धर्मयुद्धात आपण कोणाच्या बाजूचे?”

प्रश्न भोळा वाटला तरी भोळा नव्हता. नऊशे वर्षांपूर्वीच्या परक्या मुलखातल्या लढाईत खानदेशातल्या बौद्ध मुलाला बाजू घ्यावीशी का वाटावी? कारण पुस्तकाने त्याला दोनच बाजू दिल्या होत्या. तिसरी बाजू असू शकते, हे पुस्तकात नव्हतेच. हा लेख त्या तिसऱ्या बाजूविषयी आहे.

आधी शब्दाचे पाहू. ‘क्रुसेड’ला आपण मराठीत ‘धर्मयुद्ध’ म्हणतो आणि पुढे जातो. पण हा शब्द कोरा नाही. गीतेत क्षत्रियाला धर्म्य युद्धाहून श्रेयस्कर दुसरे काही नाही असे सांगितले आहे. तिथे धर्म म्हणजे वर्णाने नेमून दिलेले कर्म. शस्त्र कोणी धरायचे आणि ओझे कोणी वाहायचे, हे युद्ध सुरू होण्याआधीच ठरलेले असते. म्हणजे ज्याच्या वाट्याला शस्त्र नाही, त्याला या शब्दात जागाही नाही. युरोपातल्या लढायांना आपल्या लेखकांनी हा शब्द लावला, तेव्हा शब्दासोबत ही नजरही आली. राजे, सरदार, धर्मगुरू तेवढे दिसू लागले आणि नांगर धरणारा, खंदक खणणारा, मढी उचलणारा नाहीसा झाला.

१०९५ साली क्लेर्मों येथे पोप दुसरा अर्बन याने हाक दिली आणि १०९९ साली ख्रिस्ती फौजांनी जेरुसलेम घेतले. ११८७ साली सलाहुद्दीनाने ते परत घेतले. १२९१ साली अक्का पडले आणि त्या किनाऱ्यावरची ख्रिस्ती राज्ये संपली. दोनशे वर्षांचा हा हिशेब शाळेच्या पुस्तकात येतो. या फौजांतल्या काही टोळ्यांनी १०९६ साली वाटेतच ऱ्हाइनकाठच्या यहुद्यांची कत्तल केली आणि १२०४ साली क्रुसेडच्या फौजेने कॉन्स्टँटिनोपल हे ख्रिस्त्यांचेच शहर लुटले, हे कमी वेळा येते. आणि पुढची गोष्ट तर जवळजवळ येतच नाही.

११८४ साली इब्न जुबैर हा स्पेनकडचा मुसलमान प्रवासी दमास्कसहून अक्क्याकडे निघाला. वाटेत तिबनीनजवळ ख्रिस्ती सरदारांच्या अमलाखाली राहणारी मुसलमान शेतकऱ्यांची गावे त्याला लागली. हे शेतकरी निम्मे पीक आणि डोईपट्टी देत होते. त्यांची घरे आणि बाकीचे व्यवहार त्यांच्याच हाती होते. शेजारच्या मुसलमान मुलखातले शेतकरी आपल्याच धर्माच्या जमीनदारांच्या जुलमाला विटलेले आणि हे मात्र त्यामानाने सुखी, हे पाहून इब्न जुबैर कळवळला. त्याला ही आपल्या धर्मावरची आपत्ती वाटली. धर्माभिमानी माणसाने नाइलाजाने दिलेली ही साक्ष आहे, म्हणून तिचे मोल मोठे. त्यात फिरंग्यांच्या दयेचा पुरावा शोधू नये. निम्मे पीक नेणारा दयाळू नसतो. पण शेतकऱ्याच्या खळ्यावरून पाहिले तर त्या महायुद्धाचा अर्थ निम्मे पीक कोणाच्या कोठारात जाणार एवढाच उरतो.

हे सारे दूरचे वाटत असेल तर घराजवळ येऊ. क्रुसेड आपल्या किनाऱ्यावरही आले होते. पोर्तुगालात टेम्पलर या क्रुसेडी लढवय्या पंथाची मालमत्ता १३१९ साली ‘ख्रिस्ताचा पंथ’ या नव्या संघटनेकडे गेली. पोर्तुगीज गलबतांच्या शिडांवरचा तांबडा क्रूस तो याच पंथाचा. १४५५ साली पोप पाचवा निकोलस याने पोर्तुगालच्या राजाला मुसलमान आणि इतर अख्रिस्ती लोकांचा मुलूख जिंकण्याचा व त्यांना कायमचे गुलाम करण्याचा अधिकार लेखी दिला. आल्बुकर्क हा या परंपरेचा अस्सल वारस होता. नाईल नदीचा प्रवाह वळवून इजिप्त उपाशी मारावा आणि मदिनेहून पैगंबरांचे अवशेष पळवून त्यांच्या बदल्यात जेरुसलेम मागावे, असले बेत त्याच्या डोक्यात घोळत होते.

२५ नोव्हेंबर १५१० रोजी त्याने आदिलशाहीकडून गोवा दुसऱ्यांदा आणि कायमचे घेतले. त्याला गोव्यावर चालून येण्याचा सल्ला देणारा तिमय्या हिंदू होता. त्यानंतरच्या चार दिवसांत शहरातल्या मुसलमानांची, बायकामुलांसकट, कत्तल झाली. डिसेंबरात आल्बुकर्कने राजाला पत्र लिहून मेलेल्यांचा आकडा सहा हजार सांगितला. त्याच पत्रात आपण कोणाला वाचवले तेही त्याने नोंदले आहे: जमीन कसणारे आणि ब्राह्मण. कसणारा वाचला, कारण तो मेला तर सारा कोण देणार? ब्राह्मण वाचला, कारण वहिवाट त्याला ठाऊक होती. धर्मवेडाच्या ऐन भरातही तलवारीला हिशेब कळत होता.

पुढे सोळा वर्षांनी, १५२६ साली, पोर्तुगीजांनी गोव्यातल्या गावांच्या जुन्या चालीरीतींची सनद लेखी करून दिली. ती ‘फोराल’ म्हणून ओळखली जाते. मूळ वसाहत करणाऱ्या घराण्यांच्या पुरुष वारसांनी गावची जमीन सामाईक सांभाळायची, उत्पन्न वाटून घ्यायचे आणि राज्याला सारा भरायचा, ही गावकरीची पद्धत. आदिलशाहीत ती होती, तिच्याआधीही होती. पोर्तुगीजांनी तिच्यावर शिक्का मारला. पुढे देवळे पडली, १५६० पासून इन्क्विझिशन आले, गावेच्या गावे बाटली. पण गावकर ख्रिस्ती झाला तरी गावकरच राहिला. बामण, चारडो, सुदीर ही नावे चर्चच्या दारातून आत गेली आणि आतच राहिली. देशी पाद्री बहुतेक वरच्या दोन जातींतून आले. चर्चमधले बंधुसंघ जातवार वेगळे झाले. आणि म्हार, चांभार बाप्तिस्मा घेऊनही म्हार, चांभारच राहिले. देव बदलला, पेठ बदलली नाही.

इथे एक प्रश्न विचारला पाहिजे. जे राज्य माणसाचे नाव, पोशाख, लग्नविधी, एवढेच काय, अंगणातली तुळसही इन्क्विझिशनच्या धाकाने बदलू पाहत होते, त्याला गावची उतरंड बदलता आली नसती का? ती बदलण्याची त्याला गरज नव्हती, कारण त्या उतरंडीवरच त्याचा सारा उभा होता.

दोन धर्मांच्या सरळ लढाईचे चित्रही कागदावरच सरळ असते. १५७०-७१ साली गोव्याला अली आदिलशहाने आणि चौलला मुर्तजा निजामशहाने वेढा घातला, तेव्हा त्यांच्या जुटीत कालिकतचा हिंदू सामुरी होता. आपल्या खानदेशचे उदाहरण तर याहून बोलके. १६०० साली अकबराने फारुकी राजा बहादूरशहाच्या असीरगडाला वेढा घातला. जेझुइट पाद्र्यांच्या वृत्तान्ताप्रमाणे गडाच्या बचावात सात पोर्तुगीज अंमलदार होते. अकबराच्या छावणीत जेरोम झेवियर हा पाद्री होता. चौलहून तोफा मागवून दे, असे बादशहाने त्याला सांगितले. ते ख्रिस्ती धर्माला धरून नाही, असे म्हणून त्याने नकार दिला. व्हिन्सेंट स्मिथ या इतिहासकाराने खरे कारण दाखवले आहे: बहादूरशहाशी पोर्तुगीजांचा दोस्तीचा करार होता. म्हणजे मुसलमान बादशहा मुसलमान राजावर चालून येतो, ख्रिस्ती अंमलदार मुसलमानाचा गड राखतात आणि पाद्री तहाला धर्माचे पांघरूण घालतो. जानेवारी १६०१ मध्ये गड पडला. फारुकी गेले, मोगल आले. तापी-गिरणेच्या खोऱ्यातल्या महारवाड्याला या बदलाने वेशीच्या आत घेतले नाही.

आता साहित्याकडे वळू, कारण आपला झगडा मुख्यतः तिथे आहे. या सगळ्या उलथापालथीतून मराठीत एक मोठा ग्रंथ निर्माण झाला: फादर स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’. हा इंग्रज जेझुइट १५७९ साली गोव्यात आला आणि १६१६ साली त्याचे सुमारे अकरा हजार ओव्यांचे पुराण रोमन लिपीत छापले गेले. आपल्या समीक्षकांनी या ग्रंथाचे काय केले? त्यातली मराठी भाषेची स्तुती उचलली, पाठ्यपुस्तकात घातली आणि परक्याने आपल्या भाषेला मुजरा केला या आनंदात पुढचे वाचणे थांबवले. ही अभिमानाची समीक्षा झाली. तिच्यात चिकित्सा नाही.

चिकित्सा कुठून सुरू व्हावी? ग्रंथाच्या निमित्तापासूनच. जुनी पुराणे हिरावून घेतलेल्या नवख्रिस्त्यांसाठी हे पुराण रचले गेले, आणि ग्रंथातच पाद्रीगुरूंकडे ते मागणारा माणूस ब्राह्मण आहे. प्रस्तावनेत स्टीफन्स सांगतात की शुद्ध मराठी सामान्य लोकांना कळत नाही, म्हणून अवघड शब्द टाळून जागोजाग ब्राह्मणांच्या भाषेतले सोपे शब्द मिसळले आहेत. सामान्य माणसापर्यंत उतरण्याची त्यांची तळमळ खरी आहे, ती नाकारण्याचे कारण नाही. पण उतरता उतरता ते ज्या पायरीवर थांबले ती ब्राह्मणांच्या घरची बोली होती. तिच्याखालच्या पायऱ्यांवरही माणसे होती, त्यांचीही बोली होती, त्यांनाही बाप्तिस्मा दिला जात होता. सुताराच्या घरी वाढलेल्या, महारोग्याला हात लावणाऱ्या येशूची कथा सांगायला पुराणाचा घाट आणि ओवीचा छंद निवडला गेला. ती कथा ज्याच्या काळजाला सर्वांत आधी भिडली असती, तो श्रोता म्हणून कवीच्या समोर नव्हता. ग्रंथाचे भाषिक वैभव मान्य करूनही ही मर्यादा सांगितली पाहिजे. आजवरच्या कौतुकात ती सांगितलेली क्वचितच आढळते.

दुसऱ्या बाजूच्या लेखनाचीही तीच तऱ्हा. १७३९ साली चिमाजी अप्पाने पोर्तुगीजांकडून वसई घेतली. मराठी ऐतिहासिक कादंबरी आणि पोवाडा या विजयात न्हाऊन निघाले आहेत. छळवादी सत्ता गेली, हे खरेच आहे; पोर्तुगीज छळाबद्दल आपण डोळे झाकण्याचे कारण नाही. पण जी सत्ता आली ती पेशव्यांची होती. त्याच पेशवाईत अस्पृश्याच्या गळ्यात मडके आणि कमरेला झाडू होता, हे बाबासाहेबांनी १९३६ च्या जातिनिर्मूलनावरील भाषणात मांडून ठेवले आहे. वसईच्या तटावरचे जरीपटके रंगवणाऱ्या लेखणीला हे मडके दिसत नाही. ज्या मुक्तीच्या कथेत मुक्त न झालेल्या माणसाचा उल्लेखही नाही, तिला आपण साहित्य म्हणून किती गुण द्यायचे?

यावर कोणी म्हणेल, मग सगळे धर्म सारखेच, धर्मांतराला अर्थच नाही. हा निष्कर्ष घाईचा आहे. राजाच्या धाकाने किंवा जमीन राखण्यासाठी गावाने उतरंडीसकट देव बदलणे वेगळे. उतरंड नाकारण्यासाठी, तिच्या तळाशी असलेल्या माणसांनी आपल्या निर्णयाने धर्म बदलणे वेगळे. १९३५ च्या येवल्याच्या घोषणेनंतर बाबासाहेबांनी एकवीस वर्षे विचार केला. ख्रिस्ती झालेल्या अस्पृश्याची स्थिती काय आहे, चर्चने जातीला कुठे जागा दिली, याची त्यांनी कठोर तपासणी लिहून ठेवली आहे. १४ ऑक्टोबर १९५६ च्या बावीस प्रतिज्ञांत सर्व माणसे समान मानण्याची प्रतिज्ञा आहे, ब्राह्मणाकडून क्रियाकर्म न करवण्याची आहे. तिथे कोणाचा मुलूख जिंकला गेला नाही, कोणाच्या प्रार्थनास्थळाचा दगड हलला नाही. धर्मयुद्ध आणि धर्मांतर यांतला फरक या एका दिवसाने दाखवून दिला.

आणि जुना प्रश्न संपलेला नाही. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला; १९५६ साली शीख आणि १९९० साली बौद्ध त्यात आले. नगर-जालन्याकडचा ख्रिस्ती झालेला महार-मांग आणि मुसलमान झालेला दलित आजही बाहेर आहे. २००७ साली रंगनाथ मिश्र आयोगाने ही धर्माची अट काढावी अशी शिफारस केली. २०२२ साली याच प्रश्नासाठी बालकृष्णन आयोग नेमला गेला. गावाच्या लेखी त्याची जात गेलेली नाही, कायद्याच्या लेखी मात्र गेली आहे. एकीकडे चर्चमधली जात आणि दुसरीकडे सरकारी कागद, अशा दोन्हींमध्ये तो अडकला आहे. त्याच्यासाठी कोणीही धर्मयुद्ध पुकारलेले नाही.

उलट त्याला आणि त्याच्या भावाला सैनिक म्हणून बोलावणे मात्र चालू आहे. गोव्याचे इन्क्विझिशन, जेरुसलेम, असीरगड यांच्या कथा आज मुलांच्या हाती मुद्दाम दिल्या जातात. त्यांतला अत्याचार खोटा नसतो, पण सांगण्याचा हेतू वेगळा असतो: शेजारच्या मोहल्ल्यातल्या माणसाकडे पाहताना तुमच्या मनात जुना सूड जागा व्हावा. आपल्या बापजाद्यांनी सगळ्यांच्या गडांच्या मेटांवर पहारे केले. निशाण बदलले तरी पहारेकऱ्याचे घर वेशीबाहेरच राहिले. आता पुन्हा तोच पहारा करायचा का?

वाचनालयातल्या त्या मुलाला मी जोतीराव फुल्यांचे ‘सार्वजनिक सत्यधर्म’ पुस्तक काढून दिले. जोतीराव गेल्यानंतर १८९१ साली ते प्रसिद्ध झाले. त्यात एक कुटुंब आहे. घरातल्या स्त्रीने बुद्धाचा धर्म वाचून तो घ्यावा, नवऱ्याने बायबल वाचून ख्रिस्ती व्हावे, मुलीने कुराण वाचून महमदी व्हावे, मुलाने सत्यधर्मी व्हावे, आणि सगळ्यांनी एकमेकांचा हेवा न करता एका घरात नांदावे, असे जोतीराव सांगतात. मुलाने ते पान दोनदा वाचले. मग म्हणाला, “सर, या घरात बाजूच घ्यावी लागत नाही.”

बाजू घ्यावी लागते, मी म्हणालो. हे घर पेटवायला येणाऱ्याच्या विरुद्धची.