मालिकांतील नायिका

दूरचित्रवाणीवरील मालिकांविषयीं आमच्या सुशिक्षित वर्गांत एक ठराविक अभिप्राय ऐकूं येतो: तेथील स्त्री एक तर देवी असते, नाहीं तर कैदाशीण, आणि रोज अर्ध्या तासाचा रतीब घालावयाचा म्हटल्यावर दुसरें काय होणार! यांतील पूर्वार्ध बराचसा खरा आहे; उत्तरार्ध आम्हांस मान्य नाहीं. हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षांत कोण घेतो?’ ही कादंबरी ‘करमणुकी’च्या अंकांतून क्रमशःच प्रसिद्ध झाली होती. हप्त्यांनीं भेटली म्हणून यमू कांहीं उथळ ठरली नाहीं. तेव्हां दोष रतिबाचा नव्हे, पाणी घालणाऱ्याचा आहे.

‘आई कुठे काय करते!’ ही मालिका स्टार प्रवाह वाहिनीवर २०१९ च्या डिसेंबरांत सुरू होऊन २०२४ च्या नोव्हेंबरांत संपली. मूळ कथा ‘श्रीमयी’ या बंगाली मालिकेची. २०२० मध्यें सुरू झालेली हिंदी ‘अनुपमा’ ही तिचीच बहीण. देशमुखांच्या घरांत २५ वर्षें राबलेल्या अरुंधतीला नवऱ्याचें दुसऱ्या स्त्रीशीं असलेलें नातें उमगतें, तेथून खरी कथा सुरू होते. पण नुसत्या दुःखानें पात्र मोठें होत नाहीं. दुःख आमच्या रंगभूमीनें थोडें का विकलें आहे! अरुंधती आमच्या मनांत भरली ती निराळ्याच कारणानें. कोणाला काय आवडतें, कोणाची गोळी केव्हां द्यावयाची, हें एकट्या आपल्यालाच ठाऊक असण्यांत एक सत्ता असते, एक गोड अहंकारहि असतो. नवरा दुरावला याहून आपल्यावांचून घर चालूं शकतें ही गोष्ट सोसणें तिला अधिक जड गेलें, असें आम्हांस वाटतें. मधुराणी प्रभुलकर यांच्या अभिनयांतील उत्तम क्षण रडण्याचे नाहींतच. या सत्तेचा शेव हातांतून सुटतांना जो संकोच दिसतो, त्याचे आहेत.

आतां संजनेकडे पाहा. तिला आणली ती खलनायिका म्हणून. स्वतःचा नवरा, मुलगा, नोकरी असें सर्व असतां तिला दुसरीचें स्थान हवें झालें, आणि मिळालेंहि. मग कळलें कीं, मिळाला तो पुरुष. घर अजून पहिलीचेंच आहे. आमच्या घरांतील एक वडील बाई तिला रोज शिव्याशाप देत असत. त्या भागाला मात्र त्यांनीं नुसतें “हं” केलें आणि उठून दिवा मालवला. लेखकास याहून मोठी पावती कोणती हवी?

पुढें पुढें अरुंधतीचें सगळेंच बरोबर ठरूं लागलें. प्रत्येक तंटा निवाड्यासाठीं तिच्यापुढें येई, आणि ती व्याख्यान देई. हें आम्हांस केवळ रसहानि म्हणून खटकत नाहीं. ही मालिका ज्या स्त्रियांनीं आपलीच गोष्ट म्हणून पाहिली, त्यांतील कितीएक चिडतात, चुकतात, हेवाहि करतात. नवऱ्यापासून वेगळें होण्याचा अधिकार निर्दोष स्त्रीलाच असतो, असें त्यांनीं समजावें काय? आशुतोषशीं तिच्या पुनर्विवाहाचा प्रसंग आला तेव्हांहि ती त्या सुखास पात्र आहे हें ठसविण्यांत कितीतरी भाग खर्ची पडले. तिला तो आवडतो, एवढें दाखवून थांबतां आलें असतें.